अंबरी : काश्मीरमधील पारंपरिक सफरचंद वाणाची गुणवैशिष्ट्ये व त्यांचे बदलते मूल्य – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

फळझाडांच्या वाणांचा विचार बहुधा उद्यानविद्या किंवा वनस्पतिशास्त्र या विषयांच्या कक्षेत केला जातो. एखाद्या वाणाचे झाड किती उंच वाढते, फळाचा आकार व रंग कसा असतो, गर गोड की आंबट, फळ किती दिवस टिकते, या बाबी वाणाचे ‘गुणधर्म’ म्हणून नोंदविल्या जातात आणि त्या कायमस्वरूपी आहेत असे गृहीत धरले जाते. गुणधर्म कायम राहतात हे खरे. परंतु त्यांचे मूल्य कायम राहत नाही. एका काळात ज्या गुणामुळे एखादे फळ नावाजले जाते, तोच गुण पुढील काळात निरुपयोगी ठरू शकतो आणि पूर्वी कोणाच्या लक्षातही न आलेली मर्यादा पुढे मोठा दोष मानली जाऊ शकते. हा बदल झाडात होत नाही. तो रस्ते, बाजारपेठ, जमीनधारणा आणि ग्राहकाची आवड यांमध्ये होतो. म्हणूनच वाणाचा इतिहास हा सामाजिक व आर्थिक इतिहासाचाही विषय ठरतो.

काश्मीर खोऱ्यातील ‘अंबरी’ हा सफरचंदाचा वाण या दृष्टीने विशेष अभ्यासनीय आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अंबरी हे खोऱ्यातील सर्वांत लोकप्रिय सफरचंद होते. आज जम्मू-काश्मीर हा भारतातील सर्वाधिक सफरचंद उत्पादन करणारा प्रदेश आहे. मात्र तेथील बागांमध्ये अमेरिकेतून आलेल्या ‘डेलिशस’ गटातील वाणांचे वर्चस्व असून अंबरीची झाडे मुख्यतः शोपियान व त्याच्या आसपासच्या जुन्या बागांतून आढळतात. सफरचंदाची लागवड वाढत असताना त्या भूमीचे स्वतःचे सफरचंद मात्र मागे पडले, ही घटना स्पष्टीकरणाची अपेक्षा ठेवते.

अभ्यासाची उद्दिष्टे व व्याप्ती

प्रस्तुत शोधनिबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१) अंबरी या वाणाच्या झाडाची व फळाची प्रमुख वैशिष्ट्ये स्पष्ट करणे.
२) या वैशिष्ट्यांना वेगवेगळ्या कालखंडांत कोणते मूल्य प्राप्त झाले, याचा वाहतूक, जमीनविषयक कायदे व बाजारपेठ यांच्या संदर्भात शोध घेणे.
३) महाराष्ट्रातील हापूस आंब्याशी तुलना करून पारंपरिक वाण टिकण्यास किंवा मागे पडण्यास कोणत्या बाबी कारणीभूत ठरतात, हे तपासणे.

सदर अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. अभ्यासाचा मुख्य कालखंड इ.स. १८८९ मध्ये काश्मीरच्या जमीनमहसूल पाहणीची सूत्रे वॉल्टर लॉरेन्स यांच्याकडे आली तेव्हापासून २०२५ मध्ये खोरे उर्वरित देशाशी रेल्वेने जोडले जाईपर्यंतचा आहे. त्याआधीच्या काळाचा विचार पार्श्वभूमीपुरता केला आहे.

वाण आणि कलम : एक आवश्यक खुलासा

सफरचंदाच्या बीपासून उगवलेले झाड मातृवृक्षासारखे फळ देत नाही. बहुतेक सफरचंदांचे फूल स्वतःच्या परागाने फलित होत नाही; त्याला दुसऱ्या वाणाचा पराग लागतो. परिणामी प्रत्येक बी हे दोन भिन्न झाडांचे संमिश्र अपत्य असते. एखाद्या झाडाचे फळ उत्तम निघाले तर ते पुढे चालू ठेवण्याचा व्यवहार्य मार्ग म्हणजे त्या झाडाची काडी किंवा डोळा दुसऱ्या खुंटावर बांधणे. रायवळ आंबा व कलमी आंबा यांतील फरक ज्यांना परिचित आहे, त्यांना ही बाब सहज लक्षात येईल. कलमाने वाढविलेली अंबरीची सर्व झाडे ही जनुकीयदृष्ट्या एकाच मूळ झाडाचा विस्तार होत.

याचा ऐतिहासिक अर्थ महत्त्वाचा आहे. पारंपरिक वाण हा निसर्गतः टिकून राहत नाही. प्रत्येक पिढीत कोणीतरी त्याची काडी घेऊन नवे कलम बांधावे लागते. कलम बांधणे थांबले की जुनी झाडे असेपर्यंतच तो वाण उरतो. वाणाचे अस्तित्व हा शेतकऱ्याने पुन्हा पुन्हा घेतलेला निर्णय असतो आणि हा निर्णय तो त्या त्या काळातील लाभ-हानी पाहूनच घेतो. त्यामुळे अंबरीच्या इतिहासात मुख्य प्रश्न ‘अंबरी चांगले की वाईट’ हा नसून ‘अंबरीचे नवे कलम बांधणे केव्हा परवडले आणि केव्हा परवडेनासे झाले’ हा आहे.

अंबरीची गुणवैशिष्ट्ये

अंबरी हा काश्मीरचा स्वतःचा वाण मानला जातो. त्याच्या नावाचा संबंध ‘अंबर’ या सुगंधी द्रव्याशी जोडला जातो आणि फळाचा दरवळ पाहता ते नाव सार्थ वाटते. फळ मध्यम आकाराचे, काहीसे लांबट असते. सालीचा मूळ रंग हिरवट पिवळा असून त्यावर लाल रंगाच्या रेषा व छटा उमटतात. संपूर्ण फळ गडद लाल होत नाही. गर पांढरा, करकरीत, गोड व सुवासिक असतो. आंबटपणा अल्प असतो. फळ हंगामाच्या उत्तरार्धात, म्हणजे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये तयार होते.

या फळाचे सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य म्हणजे त्याचा टिकाऊपणा. शीतगृहाची कोणतीही सोय नसताना, भाताच्या पेंढ्यात घालून थंड खोलीत ठेवलेले अंबरी हिवाळाभर टिकते. खोऱ्यातील हिवाळा दीर्घ व कडक असतो. अशा प्रदेशात ऑक्टोबरमध्ये उतरविलेले फळ बर्फ वितळेपर्यंत खाण्यायोग्य राहणे ही घरगुती अन्नव्यवस्थेच्या दृष्टीने लहान बाब नव्हती.

झाडाच्या बाबतीत चित्र वेगळे आहे. अंबरीचे झाड जोमदार, उंच व सरळ वाढणारे असते. पारंपरिक खुंटावरील झाडाला भरघोस फळ धरण्यास दहा वर्षांहून अधिक काळ लागतो. फळधारणा दरवर्षी सारखी होत नाही. एका वर्षी भरपूर फळ आले की पुढील वर्षी ते कमी येते. शिवाय ‘स्कॅब’ या बुरशीजन्य रोगाला हा वाण बळी पडतो. थोडक्यात, फळ उत्तम व टिकाऊ, परंतु झाड विलंबाने व अनियमित फळणारे, असे अंबरीचे स्वरूप आहे. पुढील सर्व विवेचन या दोन बाजूंच्या परस्परसंबंधाभोवती फिरते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

काश्मीरमधील फळांचे उल्लेख प्राचीन काळापासून आढळतात. अकबराने १५८६ मध्ये काश्मीर जिंकल्यानंतर फारसी ग्रंथांतून ते अधिक तपशिलाने येऊ लागले. अबुल फजलच्या ‘ऐन-ए-अकबरी’मध्ये काश्मीरच्या उत्तम फळांत सफरचंदाचा समावेश आहे. जहांगीराच्या आत्मवृत्तात मुहम्मद कुली अफशार या बागांच्या अधिकाऱ्याची नोंद आहे. त्याने काबूलहून चेरी आणून काश्मीरमध्ये रुजविली आणि कलम करण्याच्या पद्धतीचा तेथे प्रसार केला, असे त्यावरून समजते. कलमाशिवाय वाण टिकत नाही, हे लक्षात घेता ही नोंद केवळ चेरीपुरती मर्यादित नाही. खोऱ्यातील निवडक फळांना निश्चित नाव व निश्चित रूप मिळण्याची प्रक्रिया अशा कौशल्याच्या प्रसाराशी निगडित आहे.

मोगलांनंतर अफगाण, १८१९ पासून शीख आणि १८४६ च्या अमृतसर करारानंतर डोगरा अशा सत्ता काश्मीरवर आल्या. महाराजा रणबीरसिंह (१८५७–१८८५) यांच्या काळात राज्याने फळबागा, विशेषतः द्राक्षबागा वाढविण्याचा प्रयत्न केला व त्यासाठी फ्रान्समधून वेली व तज्ज्ञ आणले. या प्रयत्नांचा रोख मद्यनिर्मितीकडे होता. सामान्य शेतकऱ्याच्या परसातील व बांधावरील सफरचंदाला त्यात फारसे स्थान नव्हते.

लॉरेन्स यांची नोंद व टिकाऊपणाचे मूल्य

वॉल्टर लॉरेन्स हे १८८९ ते १८९५ या काळात काश्मीरचे जमाबंदी अधिकारी होते. त्यांचा ‘द व्हॅली ऑफ काश्मीर’ हा ग्रंथ १८९५ मध्ये प्रसिद्ध झाला. या ग्रंथात त्यांनी ‘अम्री’ या नावाने आपल्या अभ्यासविषयाची नोंद केली आहे. मोठे, गोल, तांबडे-पांढरे, गोड, ऑक्टोबरमध्ये पिकणारे व दीर्घकाळ टिकणारे हे सर्वांत लोकप्रिय सफरचंद असून ते मोठ्या प्रमाणावर बाहेर पाठविले जाते व हिंदुस्थानातील लोकांना त्याची गोडी व रूप आवडते, असा त्या नोंदीचा आशय आहे.

ही नोंद वाचताना त्या काळच्या दळणवळणाची स्थिती ध्यानात घ्यावी लागते. झेलम खोऱ्यातील गाडीरस्ता बारामुल्लापर्यंत १८९० च्या सुमारास पोहोचला आणि श्रीनगरपर्यंत १८९७ मध्ये. त्याआधी खोऱ्याबाहेर जाणारा माल हमालांच्या पाठीवर किंवा खेचर-तट्टांवरून डोंगरघाट ओलांडीत असे. गाडीरस्ता झाल्यानंतरही रावळपिंडीचे रेल्वेस्थानक गाठण्यासाठी टांगा व बैलगाडीचा दीर्घ प्रवास अटळ होता. बनिहालमार्गे जम्मूकडे जाणारा गाडीरस्ता सार्वजनिक वापरासाठी १९२२ मध्ये खुला झाला. परंतु उंचावरील घाटामुळे तो हिवाळ्यात बर्फाखाली जाई.

अशा परिस्थितीत कोणते फळ बाहेर विकले जाऊ शकत होते? जे फळ धक्के सोसते, वाटेत सडत नाही आणि रस्ता बंद असल्यास थांबू शकते, तेच. अंबरीचा करकरीत गर व टिकाऊपणा हे गुण या वाहतुकीच्या गतीला अनुरूप होते. मऊ व लवकर पिकणारी सफरचंदे स्थानिक उपभोगापुरती राहिली, तर अंबरी व्यापारी फळ बनले. दुसऱ्या बाजूने त्याच्या दोषांची झळ शेतकऱ्याला तितकीशी लागत नव्हती. सफरचंद हे त्याचे एकमेव पीक नव्हते. भात हे मुख्य अन्न होते. सफरचंदाची झाडे घराजवळ व बांधावर असत. झाडाने दहा-बारा वर्षे वाट पाहायला लावली किंवा एखादे वर्ष फळ कमी आले, तरी संसाराचा आधार कोसळत नव्हता. आजोबाने लावलेल्या झाडाचे फळ नातवाने खावे, ही कल्पना त्या शेतीव्यवस्थेत स्वाभाविक होती.

डेलिशसचा उदय व भारतातील आगमन

अंबरीची जागा पुढे ज्या वाणाने घेतली त्याचा इतिहास अमेरिकेत सुरू होतो. आयोवा राज्यातील पेरू या गावाजवळ जेसी हायट या शेतकऱ्याच्या बागेत १८७० च्या दशकात एक रोप आपोआप उगवले. त्याचे फळ त्याने ‘हॉकआय’ या नावाने प्रसिद्ध केले. मिझुरी राज्यातील स्टार्क बंधूंच्या रोपवाटिकेने १८९३ मध्ये घेतलेल्या फळांच्या स्पर्धेत ते पहिले आले. रोपवाटिकेने त्याचे हक्क विकत घेऊन त्याला ‘डेलिशस’ हे व्यापारी नाव दिले. पुढे ‘गोल्डन डेलिशस’ बाजारात आल्यावर मूळ वाण ‘रेड डेलिशस’ म्हणून ओळखला जाऊ लागला. अंबरीचे नाव सुगंधावरून पडलेले लोकांच्या तोंडचे नाव होते. डेलिशस हे विक्रीसाठी ठरविलेले नाव होते. दोन वाणांमागील दोन वेगळ्या अर्थव्यवस्था या नामकरणातच दिसून येतात.

भारतात डेलिशसच्या प्रसाराचे श्रेय प्रामुख्याने सॅम्युअल इव्हान्स स्टोक्स (सत्यानंद स्टोक्स) यांना दिले जाते. मूळचे अमेरिकन असलेल्या स्टोक्स यांनी १९१६ च्या सुमारास सिमल्याजवळील कोटगढ येथे या वाणाची लागवड केली. तत्पूर्वी १८७० च्या सुमारास कॅप्टन आर. सी. ली यांनी कुलू खोऱ्यात इंग्लंडमधील वाण लावले होते. परंतु भारतीय ग्राहकाला त्या सफरचंदांचा आंबटपणा रुचला नाही. डेलिशस गोड होते. लॉरेन्स यांनी अंबरीविषयी नोंदविलेली गोडीची आवड येथेही निर्णायक ठरली.

काश्मीरमध्येही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक विदेशी वाण आले. त्यांतील काहींना खोऱ्यातील लोकांनी आपली नावे दिली. इंग्लंडचे ‘कॉक्सेस ऑरेंज पिपिन’ हे ‘केसरी’ झाले, तर ‘बेनोनी’ हे ‘हजरतबली’ झाले. बाहेरचे फळ आपलेसे करण्याची ही प्रक्रिया अंबरीला धोकादायक नव्हती. लवकर पिकणारी ही फळे व उशिरा येणारे अंबरी एकाच बागेत नांदू शकत होती आणि परागणासाठी वाणांची ही विविधता उपयुक्तच होती. अंबरीचे विस्थापन विदेशी वाणांच्या केवळ आगमनाने झाले नाही. ते त्यानंतरच्या संरचनात्मक बदलांनी झाले.

१९४७ नंतरचे परिवर्तन

१९४७ च्या फाळणीने काश्मीरच्या व्यापाराची दिशा बदलली. झेलम खोऱ्याचा रस्ता व रावळपिंडीचे रेल्वेस्थानक हा नैसर्गिक मार्ग बंद झाला. संपूर्ण व्यापार बनिहालमार्गे जम्मू, पठाणकोट व दिल्लीकडे वळला. डिसेंबर १९५६ मध्ये बनिहाल घाटाखालील जवाहर बोगदा खुला झाल्यावर वर्षभर मालमोटारींची वाहतूक शक्य होऊ लागली. खोऱ्यातील फळ दिल्लीच्या घाऊक बाजारात काही दिवसांत पोहोचू लागले. याचा थेट परिणाम असा झाला की, महिनोन्महिने टिकण्याचा गुण पूर्वीइतका अनिवार्य राहिला नाही.

याच सुमारास जमीनधारणेतही मूलभूत बदल घडला. १९५० च्या मोठ्या जमीनदारी निर्मूलन कायद्याने जमीनधारणेवर १८२ कनालची, म्हणजे पावणेतेवीस एकरांची कमाल मर्यादा घातली. त्यावरील जमीन कसणाऱ्या कुळांकडे गेली. मात्र फळबागांना या मर्यादेतून वगळण्यात आले. या तरतुदीचे दोन परिणाम संभवतात. एकीकडे जुन्या बागा व त्यांतील अंबरीची झाडे यांना संरक्षण मिळाले. दुसरीकडे भातशेतीपेक्षा फळबाग ही अधिक सुरक्षित मालमत्ता ठरली. ज्याला जमिनीचे स्वरूप त्वरित बदलायचे आहे व त्यातून उत्पन्नही मिळवायचे आहे, तो बागायतदार दहा वर्षांहून अधिक काळ वाट पाहायला लावणारा वाण निवडील, ही शक्यता कमीच होती.

बाग हे उपजीविकेचे मुख्य साधन बनल्यावर अंबरीच्या झाडाचे दोष प्रथमच ‘दोष’ म्हणून जाणवू लागले. नवा बागायतदार आडत्याकडून हंगामाआधी उचल घेतो. लाकडी पेट्या, औषधे व मजुरी यांचा खर्च करतो आणि हंगामात ती रक्कम फेडतो. ज्या वर्षी झाड फळणार नाही, त्या वर्षी ही उचल फेडायची कशी, हा प्रश्न वर्षाआड फळणाऱ्या वाणाबाबत कायमचा उभा राहतो. डेलिशस लवकर फळते, तुलनेने नियमित फळते आणि गडद लाल रंगामुळे दूरच्या बाजारात पेटी उघडताच नजरेत भरते. ज्या ग्राहकाला फळाचा वास घेऊन व चव पाहून निवड करण्याची संधी नाही, त्याच्यासाठी रंग हाच गुणवत्तेचा पुरावा ठरतो. अंबरीची हिरवट पिवळी, रेषांची साल या कसोटीवर मागे पडली. जो सुगंध त्याची ओळख होती, तो बंद पेटीच्या व्यापारात दिसू शकत नव्हता.

येथे एक विरोधाभास नोंदविणे आवश्यक आहे. अमेरिकेतही अधिकाधिक लाल उपप्रकार निवडण्याच्या ओघात डेलिशसची चव खालावली, अशी टीका पुढे झाली. म्हणजे ज्या निकषाने अंबरीला मागे सारले, त्याच निकषाने अंबरीवर मात करणाऱ्या वाणाचेही नुकसान केले.

रोग, एकसुरीपणा आणि संकर

अंबरीच्या ऱ्हासाचे स्पष्टीकरण देताना स्कॅब रोगाचा उल्लेख नेहमी केला जातो. भारतात या रोगाची पहिली नोंद १९३५ मध्ये काश्मीरमध्ये झाली आणि ती अंबरी वाणावरच होती. त्यामुळे हा वाण रोगाला बळी पडतो हे निर्विवाद आहे. तथापि, १९७३ मध्ये खोऱ्यात स्कॅबची जी मोठी साथ आली, तेव्हा लागवडीत डेलिशस गटाचा मोठा वाटा होता आणि हा गटही या रोगाला संवेदनक्षमच आहे. एकाच प्रकारची झाडे शेजारीशेजारी लावलेल्या बागांत रोग वेगाने पसरतो. म्हणून रोग हे अंबरी सोडण्याचे एक कारण असले, तरी त्याची जागा घेणाऱ्या वाणाने त्या समस्येचे निराकरण केले नाही. उलट दर हंगामातील अनेक फवारण्या हा बागायतदाराच्या खर्चाचा स्थायी भाग बनला.

शास्त्रज्ञांनी अंबरीचे मोल दुर्लक्षिले नव्हते. श्रीनगरजवळील शालिमार येथील संशोधन केंद्रात अंबरी व रेड डेलिशस यांच्या संकरातून ‘लाल अंबरी’, तर अंबरी व गोल्डन डेलिशस यांच्या संकरातून ‘सुनहरी’ हे वाण विकसित झाले. हिमाचल प्रदेशातही अंब्रेड, अंब्रिच, अंबरॉयल व अंबस्टार्किंग असे संकरित वाण निर्माण करण्यात आले. अंबरीचा टिकाऊपणा व स्वाद आणि डेलिशसचा रंग व फलनक्षमता यांचा मेळ घालण्याचा हा प्रयत्न होता. ‘लाल अंबरी’ हे नावच बोलके आहे. परंपरेचे नाव कायम ठेवून बाजाराचा रंग त्याला देण्याची अपेक्षा त्यातून व्यक्त होते. परंतु हे वाण बाजारात डेलिशसचे स्थान घेऊ शकले नाहीत. आडत्याला परिचित असलेला माल व आधीच उभ्या असलेल्या बागा यांची पकड नव्या वाणाच्या गुणांपेक्षा बळकट ठरली.

शीतगृह, घन लागवड व रेल्वे

अलीकडच्या दोन दशकांत या प्रक्रियेचा पुढील टप्पा दिसून येतो. पुलवामा जिल्ह्यातील लासीपोरा येथे नियंत्रित वातावरणाची आधुनिक शीतगृहे मोठ्या संख्येने उभी राहिली. साध्या खोलीत लवकर पिठूळ होणारे डेलिशस या शीतगृहांत कित्येक महिने करकरीत राहते. जे काम पूर्वी अंबरीचा अंगभूत गुण करीत होता, ते आता वीज व यंत्रसामग्री करते. हा बदल बागायतदाराच्या हिताचा आहे. कारण भाव पडलेला असताना माल विकण्याची सक्ती कमी होते. मात्र वाणाचा गुण विनामूल्य होता आणि शीतगृहाला भाडे द्यावे लागते, हा भेद विसरता येत नाही. लहान बागायतदाराच्या दृष्टीने तो क्षुल्लकही नाही.

बुटक्या खुंटावरील घन लागवडीच्या योजनांमुळे दोन-तीन वर्षांत फळ देणाऱ्या बागा उभ्या राहत आहेत. त्यासाठी आयात रोपे व नवे विदेशी वाण वापरले जातात. जुनी, उंच झाडे तोडून ही लागवड केली जाते, तेव्हा अंबरीची उरलेली झाडेही त्यात जाण्याचा धोका असतो.

वाहतुकीचा प्रश्न मात्र पूर्णपणे सुटलेला नाही. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अतिवृष्टी व दरडी यांमुळे जम्मू-श्रीनगर महामार्ग दीर्घकाळ विस्कळीत झाला. सफरचंदांनी भरलेल्या मालमोटारी वाटेत अडकल्या व फळ सडले. ६ जून २०२५ रोजी खोरे रेल्वेने उर्वरित देशाशी जोडले गेले होते. त्याच मार्गाने सप्टेंबरमध्ये बडगाम ते दिल्लीतील आदर्शनगर अशी फळांसाठीची पार्सल गाडी सुरू करण्यात आली. रस्ता बंद झाला तरी थांबू शकणारे फळ ही लॉरेन्स यांच्या काळातील गरज होती. सव्वाशे वर्षांनंतरही ती पूर्णतः कालबाह्य झालेली नाही, हे या प्रसंगाने दाखवून दिले.

हापूसशी तुलना

महाराष्ट्र ही काश्मिरी सफरचंदाची एक मोठी बाजारपेठ आहे. मुंबईचा घाऊक फळबाजार क्रॉफर्ड मार्केटमधून १९९० च्या दशकात वाशीला स्थलांतरित झाला. या बाजारात सफरचंद सामान्यतः ‘काश्मिरी’ किंवा ‘सिमला’ अशा प्रदेशवाचक नावाने ओळखले जाते. मराठी ग्राहक आंबा मागताना हापूस, पायरी, केसर अशी वाणाची नावे घेतो. सफरचंद मागताना तो वाणाचे नाव क्वचितच घेतो. ही बाब वरवर किरकोळ वाटली तरी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाची आहे.

हापूस हाही कलमाने टिकलेला पारंपरिक वाण आहे. पोर्तुगीज सत्तेच्या काळात गोव्यात कलमाची कला रुजली आणि अफोन्सो द अल्बुकर्क याच्या नावावरून या आंब्याचे नाव पडले असे मानले जाते. हापूसमध्येही दोष आहेत. त्याची फळधारणा वर्षाआड होते, फळात साका निर्माण होतो आणि हवामानातील बदल त्याला सोसत नाहीत. कोकणातील कृषी विद्यापीठाने नीलम व हापूस यांच्या संकरातून १९८१ मध्ये ‘रत्ना’ हा साका नसलेला वाण दिला. तरीही हापूसचे स्थान अबाधित राहिले. २०१८ मध्ये कोकणातील हापूसला भौगोलिक निर्देशांक मिळाला.

अंबरी व हापूस यांच्या झाडांतील दोष जवळपास सारखेच आहेत. परंतु परिणाम विरुद्ध झाला. याचे कारण झाडात सापडत नाही. हापूसचा ग्राहक त्याला नावाने ओळखतो व त्या नावासाठी अधिक मोल देतो. त्यामुळे बागायतदाराला फळ न येणाऱ्या वर्षाची भरपाई फळाच्या भावातून मिळू शकते. अंबरीच्या ग्राहकाची ओळख ‘काश्मिरी सफरचंद’ या व्यापक नावात विरून गेली. ते नाव डेलिशसलाही तितकेच लागू पडते. बाजारात वाणाचे नाव हरवले, तेव्हा त्याचे वेगळे मोलही हरवले. येथे एक मर्यादाही लक्षात घ्यावी लागेल. हापूसला मुंबईसारखी बाजारपेठ जवळच उपलब्ध होती. अंबरीला ती डोंगरापलीकडे शोधावी लागली. तथापि, ही मर्यादा मान्य करूनही नावाच्या ओळखीचे महत्त्व कमी होत नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) अंबरीची गुणवैशिष्ट्ये एकोणिसाव्या शतकापासून आजपर्यंत बदललेली नाहीत. बदल झाला तो त्यांच्या मूल्यमापनात. टिकाऊपणा हा मंद वाहतुकीच्या काळातील सर्वश्रेष्ठ गुण बोगदा, मालमोटार व शीतगृह यांमुळे दुय्यम ठरला.

२) विलंबाने व वर्षाआड फळणे हे दोष मिश्र शेतीच्या व्यवस्थेत सुसह्य होते. सफरचंद हेच उपजीविकेचे मुख्य साधन व उचलीवर चालणारा व्यवसाय बनल्यावर ते असह्य झाले. अंबरी सोडणाऱ्या शेतकऱ्याला परंपरेविषयी अनास्था होती असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. त्याचा निर्णय त्याच्या परिस्थितीशी सुसंगत होता.

३) रोग हे अंबरीच्या पीछेहाटीचे एकमेव किंवा पुरेसे कारण नव्हे. ज्या वाणाने त्याची जागा घेतली तोही त्याच रोगाला बळी पडतो.

४) पारंपरिक वाणाचे जतन केवळ संशोधन केंद्रातील काही झाडे राखून होत नाही. वाण जिवंत राहतो तो शेतकऱ्याने बांधलेल्या नव्या कलमातून आणि नवे कलम बांधले जाते ते ग्राहकाने त्या फळाची नावाने मागणी केल्यास. हापूसचे उदाहरण हेच सिद्ध करते.

५) हवामान व महामार्ग यांची अनिश्चितता आणि शीतगृहाचा वाढता खर्च पाहता, विजेशिवाय हिवाळाभर टिकणाऱ्या फळाचे मूल्य भविष्यात पुन्हा वाढू शकते. ती वेळ आल्यास कलमासाठी काडी उपलब्ध असणे आवश्यक आहे. शोपियान परिसरातील अंबरीची जुनी झाडे म्हणजे केवळ गतकाळाच्या खुणा नव्हेत. पुढील पिढीला निवडीचे स्वातंत्र्य देणारा तो जिवंत साठा आहे. एकदा तोडलेल्या वाणाचे बी पेरून तोच वाण परत मिळत नाही, ही वनस्पतिशास्त्रातील साधी वस्तुस्थिती इतिहासाच्या अभ्यासकानेही आवर्जून ध्यानात ठेवली पाहिजे.